सही लालाजींची, हात कुणाचे?

एप्रिल १९०२. निजामाच्या राज्यात, वरंगळ भागातल्या नेकोंड्याजवळ व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचा शिकारीचा तळ पडला होता. पहिल्या दिवशीची शिकार झाली आणि फोटो निघाला. लॉर्ड आणि लेडी कर्झन उभे आहेत आणि पुढ्यात मेलेला वाघ पडला आहे. ब्रिटिश अमदानीतला बडेजाव एका चित्रात दाखवायचा झाला की संपादकांचा हात आजही आधी या फोटोकडे जातो. त्याखाली नाव असतं लाला दीनदयाळ यांचं.

पण १९०२ साली हे नाव एकट्या माणसाचं उरलं नव्हतं. त्या नावाच्या पेढीचा कारभार सिकंदराबादेत होता, मुंबईत होता, आणि तिची सुरुवात इंदूरला झाली होती. दोन मुलगे धंद्यात उतरले होते. कॅमेरा चालवणारे, काचा धुणारे, चेहरे गुळगुळीत करणारे, रंग भरणारे असे पगारी कारागीर वेगळेच. कोपऱ्यात ‘लाला दीनदयाळ’ असं लिहिलेला फोटो हाती आला, तर तो त्यांनी स्वतः काढला की त्यांच्या माणसाने, हे नुसत्या सहीवरून सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही मोठ्या स्टुडिओची हीच रीत होती. दीनदयाळांच्या बाबतीत ती अधिक कुतूहलाची ठरते, कारण एका हिंदुस्थानी माणसाने उभारलेला त्या काळातला हा सर्वांत नावाजलेला स्टुडिओ.

मेरठजवळचं सरधना हे गाव बेगम समरूमुळे इतिहासात ठाऊक आहे. तिथल्या एका जैन घरात १८४४ साली दीनदयाळ जन्मले. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी स्थापत्याचं शिक्षण घेतलं आणि १८६६ मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरली. काम खर्चाचे अंदाज बांधण्याचं आणि नकाशे काढण्याचं. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो १८७४ मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीत, चांगल्या सरकारी नोकरीत स्थिरावल्यावर. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिलं. मध्य हिंदुस्थानातले गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनीही पाठबळ दिलं. इंदूरच्या डेली कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते हेच. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक इंदूरला आले तेव्हा त्यांच्या मंडळींचा ग्रूप फोटो काढण्याची संधी या नवशिक्याला मिळाली. पाठोपाठ १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचा हिंदुस्थान दौरा झाला, त्याचेही फोटो त्यांनी काढले. छंद म्हणून सुरू झालेल्या कामाला दोन वर्षांत असं गिऱ्हाईक लाभणं ही चैनच म्हणायची.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे अर्धी रसायनशाळा पाठीवर घेऊन हिंडणं. ओल्या कोलोडियनची पद्धत होती. बंदुकीचा कापूस ईथर आणि मद्यार्कात विरघळवून केलेला चिकट द्रव स्वच्छ काचेवर ओतायचा, काच चारही कोपऱ्यांकडे कलती करून त्याचा सारखा थर बसवायचा, मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. बाहेर काढलेली काच ओली असेपर्यंतच तिच्यावर प्रकाश घ्यायचा आणि ओली असतानाच ती धुऊन प्रतिमा उमटवायची. थर सुकला की काच फुकट. लंडनच्या दमट हवेत यासाठी बऱ्यापैकी सवड मिळे. माळव्यातल्या मे महिन्यात ईथर डोळ्यांदेखत उडून जायचं. वाऱ्याने आलेली धूळ ओल्या थरावर बसायची ती कायमची. शिवाय हे सगळं घामाने निथळत, काळ्या कापडाच्या तंबूत बसून करायचं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तंबू मागे पडला. त्यांचीही कटकट निराळी होती. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की जिलेटिन मऊ पडून कडांनी सुटायला लागे. त्यावर उपाय म्हणून काच तुरटीच्या पाण्यातून काढत. तरीही पेटीत काचा भरून न्यायच्या, काढायच्या आणि मुक्कामावर परतून धुवायच्या, एवढी मोकळीक मिळाली. स्टुडिओचा धंदा मोठ्या प्रमाणावर चालवायचा तर ही मोकळीक हवीच होती.

१८८२ च्या सुमारास दीनदयाळ डेलींच्या जागी आलेले एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानातल्या जुन्या वास्तूंच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहो, सांची अशा ठिकाणांच्या फोटोंचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर नाव ग्रिफिनचं, आतले फोटो दीनदयाळांचे. हे फोटो पाहताना नकाशे काढणाऱ्याची नजर जाणवते. खांब ओळंब्यात उभे दिसतात, तळरेघ सरळ आहे, आणि बाजूला माणूस उभा केला असेल तर तो उंचीचं प्रमाण कळावं म्हणून. त्यांच्या पोर्ट्रेटमध्येही ही शिस्त उतरली आहे. राजेरजवाड्यांचे त्यांनी काढलेले फोटो जरा ताठर वाटतात. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांनाही बहुधा तेच हवं होतं.

पुढचं वळण हैदराबादचं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या हाती १८८४ मध्ये कारभार आला, तेव्हा ते अजून विशीतही पोचले नव्हते. घोडा, बंदूक आणि पोशाख यांचा त्यांना भारी शौक. १८८५ मध्ये दीनदयाळ त्यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. त्याच सुमारास व्हाइसरॉयकडूनही त्यांना नेमणूक मिळाली. सरकारी नोकरी सुटली आणि १८८६ मध्ये सिकंदराबादेत स्टुडिओ उघडला.

चारमिनारच्या सावलीत न उघडता सिकंदराबादेतच का? कारण हुसेनसागराच्या पलीकडे असलेली ती ब्रिटिशांची छावणी होती. तिथे पलटणी येत-जात, साहेबांच्या बदल्या होत आणि प्रत्येकाला विलायतेतल्या आईबापांना पाठवायला फोटो हवा असे. दरबाराचं काम प्रतिष्ठेचं खरं, पण दरबारी बिलं सावकाशीने मिळतात हे कुठल्याही संस्थानातला व्यापारी सांगेल. छावणीतला लेफ्टनंट रोख मोजतो. तलावाच्या एका अंगाला नवाब, दुसऱ्या अंगाला कॅप्टन. ही जागा निवडली तिथेच धंद्याचं निम्मं गणित सुटलं होतं.

त्या काळच्या पोर्ट्रेट स्टुडिओत शिरलं की आधी नजरेत भरायचं ते काचेचं छत. विजेचे दिवे नव्हते, सगळी भिस्त सूर्यावर. छताचा काचेचा भाग शक्यतो उत्तरेकडे ठेवत, म्हणजे थेट ऊन आत येत नसे आणि दिवसभर साधारण एकसारखा उजेड मिळे. आतून निळे-पांढरे पडदे दोरीने ओढून तो हवा तसा मऊ किंवा तिरका करत. पाठीमागे रंगवलेला पडदा: महिरपी, कठडा, लांबवर एखादी बाग. पुढे कोरीव खुर्ची, तिपाई, तिच्यावर पुस्तक किंवा फुलदाणी. गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लोखंडी स्टँड असायचा, त्याचा चिमटा मानेला हलकेच आधार देई. कोरड्या काचांमुळे वेळ बराच कमी झाला होता, पण ढगाळ दिवशी दोन-चार सेकंद न हलता बसणं तेव्हाही सोपं नव्हतं. जुन्या फोटोंतली माणसं हसत का नाहीत, या प्रश्नाचं एक साधं उत्तर त्या चिमट्यात आहे. दुसरं उत्तर असं की चित्र काढून घेताना गंभीर बसायचं असतं, हा तेव्हाचा शिरस्ता होता. दात दाखवणं खानदानी माणसाला शोभत नसे.

कॅमेऱ्यामागच्या माणसाचं काम इथे संपायचं आणि बाकीच्यांचं सुरू व्हायचं. काच धुऊन, वाळवून, वार्निश लावली की ती रिटचिंगवाल्याकडे जाई. खिडकीपाशी, तिरक्या चौकटीत काच लावून, मागून आरशाने उजेड घेऊन तो बसे. देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या काळ्या छटा, गळ्यावरच्या सुरकुत्या असं सगळं टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देत बुजवायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग काचेवर पारदर्शक दिसतो, म्हणून त्यावर शिसं घातलं की कागदावर तो उजळून निघतो. कामात हात जड पडला तर साठीचा सरदार पंचविशीचा दिसू लागे, आणि तशी फर्माईशही येत असणार.

मग क्रमांक आणि नाव. दीनदयाळांच्या अनेक फोटोंच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत आकडा, स्थळाचं नाव आणि पेढीचं नाव दिसतं. ते काचेवर शाईने लिहिलेलं असे. शाई उजेड अडवते, म्हणून कागदावर तेवढा भाग पांढरा राहतो. प्रतिमेच्या बाजूने लिहायचं तर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी काढावी लागत. म्हणजे ज्याला आपण ‘लालाजींची सही’ म्हणतो, ती उलटं लिहिण्याचा सराव असलेल्या एखाद्या कारकुनाच्या हातची असण्याचीही शक्यता आहे. क्रमांकाचा उपयोग निव्वळ व्यापारी होता. वर्षांनी कुणी आणखी सहा प्रती मागितल्या तर काच सापडली पाहिजे.

छपाई बहुधा गच्चीवर, उन्हात. लाकडी चौकटीत काच आणि तिला चिकटून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला, चांदीच्या क्षाराने संवेदनशील केलेला कागद. उन्हाने चित्र हळूहळू उमटत जाई. मधूनच चौकटीची मागची अर्धी फळी उघडून डोकावायचं आणि पुरेसं काळं झालं की आत न्यायचं. पुढे सोन्याच्या क्षारात बुडवलं की तांबूस रंग जाऊन खानदानी जांभळट-तपकिरी छटा येई, मग चित्र पक्कं करायला हायपो, मग तासन्‌तास पाणी. युरोपात या कागदाचा एवढा खप होता की १८८८ च्या सुमारास ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात दिवसाला साठ हजार अंडी फुटत. हिंदुस्थानातल्या सोवळ्या घरांतल्या भिंतींवरही हे बलकाचे फोटो निमूट लटकत होते, याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही.

शेवटी फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटायचा. साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं ‘कॅबिनेट’ माप त्या दशकांत सर्वांत चालतं होतं. पुठ्ठ्याची मागची बाजू म्हणजे जाहिरातच. कुणाकुणाची नेमणूक, कुठली पदकं, कुठले मानमरातब, सगळं वेलबुट्टीत छापलेलं. दीनदयाळांकडे छापण्यासारखं पुष्कळ होतं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं, निजामाने ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला आणि १८९७ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीची फोटोग्राफर म्हणून सनद आली.

या सगळ्यात एक जागा अशी होती जिथे लालाजी स्वतः जाऊच शकत नव्हते. हैदराबादच्या खानदानी बायका पडद्यात. त्यांचा फोटो परपुरुषाने काढायचा हा विषयच निघत नसे. १८९२ मध्ये पेढीने हैदराबादेत खास जनानी स्टुडिओ सुरू केला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. भोवती उंच भिंती, आत सगळ्या बायका, मदतनीसही देशी स्त्रियाच. फोटोग्राफीच्या तत्कालीन नियतकालिकात या जागेचं कौतुक छापून आलं होतं. धंद्याच्या दृष्टीने ही युक्ती मोठी होती, कारण निम्मी हवेली तोवर कॅमेऱ्याच्या पलीकडे होती. पण नावाच्या दृष्टीने पाहिलं तर काय दिसतं? इथे पडदा सारणाऱ्या, बसणारीला हनुवटी वर करायला सांगणाऱ्या आणि कॅमेऱ्याचं झाकण काढणाऱ्या बाई दुसऱ्याच. त्यांच्या मदतनीस स्त्रियांची तर नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. स्टुडिओ मात्र ओळखला गेला राजा दीनदयाळांचा.

१८९६ मध्ये पेढी मुंबईत आली. हे शहर काही फोटोग्राफीला नवखं नव्हतं. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड पहिल्यापासून तिचे सभासद होते. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्यातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी रॅम्पार्ट रोवर स्टुडिओ थाटला आणि त्यांचे फोटो १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत गेले. म्हणजे दीनदयाळांनी कॅमेरा हाती धरला त्याआधी मुंबईत देशी फोटोग्राफरांची एक पिढी तयार झाली होती. ती डॉक्टरांची, शिक्षितांची, सभा-सोसायट्यांची पिढी. दीनदयाळ आले ते दरबाराचा शिक्का आणि मोठ्या पेढीची घडी घेऊन. मुहूर्त मात्र वाईट लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगची पहिली नोंद झाली आणि पुढच्या काही महिन्यांत लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे या पेढीच्या संग्रहात आपल्याकडचा एक कटू ऐवज आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागात सरकारी मदतीची जी कामं चालली, त्यांचे फोटो दीनदयाळांच्या पेढीने काढले. बरगड्या निघालेली माणसं ओळीने उभी केलेली आहेत. मांडणी नेहमीचीच. पलटणीच्या ग्रूप फोटोत असते तशी: उंच मागे, बुटके पुढे, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. हे फोटो सरकारने केलेली मदत दाखवण्यासाठी होते, सरकारला जाब विचारण्यासाठी नव्हे. आज ते पाहणाऱ्याच्या अंगावर येतात ते याच व्यवस्थितपणामुळे. फलकनुमा राजवाड्यातल्या झुंबरांचे फोटो ज्या सफाईने काढले, त्याच सफाईने हेही काढलेले आहेत. फोटोग्राफरला काय वाटलं असेल याचा मागमूस त्यांत नाही. धंदेवाईक माणसाकडून तो अपेक्षितही नसावा.

दीनदयाळांच्या अखेरच्या वर्षांत ज्ञानचंद आणि धरमचंद हे मुलगे कामात होते. १९०३ च्या दिल्ली दरबारातही पेढीने फोटो काढले. १९०४ मध्ये धरमचंद गेले आणि १९०५ च्या जुलैत स्वतः दीनदयाळ. तोवर दिवस पालटलेच होते. ईस्टमनचा कोडॅक १८८८ मध्ये निघाला होता आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला. छावणीतल्या लेफ्टनंटच्या बायकोने स्वतःच बंगल्याच्या व्हरांड्यात फोटो काढायला सुरुवात केली की स्टुडिओच्या हिशेबातली एक मोठी ओळ कोरी राहते. छापखान्यांत थेट फोटो छापणारे हाफटोन ठोकळे आले, तशी स्थळांच्या फोटोंची विक्रीही मंदावली. दरबाराचं काम राहिलं, पण नुसत्या दरबारावर तीन शहरांचा पसारा पोसता येत नाही. पुढच्या पिढ्यांनी सिकंदराबादेत धंदा धरून ठेवला, पूर्वीचा डौल मात्र परतला नाही.

काचा टिकल्या हे नशीबच. बोर्न अँड शेफर्ड ही कलकत्त्याची पेढी वयाने मोठी आणि दबदब्याने तितकीच. १९९१ मध्ये तिथे आग लागली आणि तिच्या संग्रहाचा मोठा भाग गेला. २०१६ मध्ये तिला कुलूपही लागलं. दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मात्र त्या आगीच्या दोन वर्षं आधी, १९८९ मध्ये, दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. २००६ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीटही निघालं.

कागदावरच्या प्रतीत जे लपतं ते काचेवर दिसतं, आणि अभ्यासकांना आता त्यातच अधिक रस आहे. दीपाली दिवाण आणि डेबोरा हटन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दीनदयाळांकडे कलावंत म्हणून पाहिलं, तसंच पेढी चालवणारा माणूस म्हणूनही पाहिलं. काच तिरपी धरली की रिटचिंगच्या पेन्सिलीचे ठिपके चमकतात, कडेला शाईने झाकलेली पार्श्वभूमी दिसते आणि तळाशी उलट्या अक्षरांतला क्रमांक वाचता येतो. पेढीत निरनिराळ्या हातांनी काम केलं, तर निरनिराळ्या धाटणीचे ठिपकेही असणार. एका कारागिराचं काम दुसऱ्यापासून वेगळं काढायचं झालं, तर मोजणी या काचांवरच करावी लागेल.